सहल पाण्यावरची, तयारी जमिनीवरची

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा तिच्या वास्तूंचा, उपक्रमांचा आणि दानशूर हातांचा गौरव होतो. तो झालाच पाहिजे. परंतु संस्था खऱ्या अर्थाने टिकते ती माणसे एकत्र येत राहतात म्हणून. सण, प्रवचन, विवाहप्रसंग यांत आपण भेटतो. पण दिवसभर एका बसमध्ये बसून, एका पंगतीत जेवून जो स्नेह जुळतो, तो घाईच्या भेटीत जुळत नाही. या महोत्सवी वर्षात सर्व कुटुंबांची एक दिवसाची सहल भंडारदऱ्यास न्यावी आणि तेथे बोट भाड्याने घेऊन जलाशयाचा फेरफटका मारावा, असा विचार युवक मंडळाने मांडला आहे. त्याचे नियोजन कसे असावे, यावर आपण मला बोलण्यास सांगितले, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा आभारी आहे.

विषय लहान वाटतो. बस ठरवली, जेवण ठरवले, बोट ठरवली की सहल ठरली, असेच आपण समजतो. पण यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बिघडल्या तर गैरसोय होते. तिसरी बिघडली तर माणूस परत येत नाही. म्हणून आजच्या बोलण्यात मी बोटीलाच अधिक वेळ देणार आहे.

आपला जिल्हा आणि पाणी

आपला अहिल्यानगर जिल्हा अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो. तरीही पाण्याशी आणि नावेशी आपले नाते जुने आहे. कर्जत तालुक्यातील सिद्धटेकला पूल होण्यापूर्वी भाविक भीमा नदी होडीने ओलांडून जात. नेवाशाजवळ प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीस मिळते. राहुरी तालुक्यात मुळा धरणाचा ज्ञानेश्वर सागर आहे. शेवगाव-नेवाशाच्या कडेला जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी पसरले आहे. आणि पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुक्यात भंडारदरा आहे.

भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर आहे. बांधकामास १९१० साली आरंभ झाला आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. विल्सन डॅम आणि आर्थर लेक ही त्या काळची नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. सुमारे ११ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या जलाशयाच्या एका टोकाला शेंडी गाव आणि दुसऱ्या टोकाला रतनवाडी आहे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे कोरीव मंदिर, त्यामागे उभा असलेला रतनगड, जवळच रंधा धबधबा आणि १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे कळसूबाईचे शिखर. एका दिवसात डोळ्यांनी यापेक्षा अधिक काही मागू नये.

ही जागा निवडण्याचे दुसरे एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भंडारदऱ्यास बोट नसली तरी सहल होते. रतनवाडीस जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यानेही जाता येते. धरण, धबधबा, मंदिर ही सारी स्थळे जमिनीवरून पाहता येतात. ज्या ठिकाणी बोट हाच एकमेव कार्यक्रम असतो, तेथे ती रद्द करणे संघटकाला जड जाते. जेथे बोट हा अनेकांतील एक कार्यक्रम असतो, तेथे ‘आज नको’ असे सहज म्हणता येते. हे ‘सहज म्हणता येणे’ हाच माझ्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे.

दुर्घटना काय शिकवितात

आनंदाच्या वर्षात अप्रिय गोष्टी बोलू नयेत असा संकेत आहे. तो मी थोडा वेळ बाजूला ठेवतो.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक मुले बसविली होती आणि लाइफ जॅकेट मोजक्यांच्याच अंगावर होते. तो समुद्र नव्हता, पुराची नदीही नव्हती. तो शहरातील तलाव होता.

त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट बुडाली आणि सहा जणांचा अंत झाला. सायंकाळी अचानक वादळी वारा सुटला होता. मे महिन्यातील वळवाचा वारा कसा येतो, हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. दुपारपर्यंत पान हलत नाही आणि तिसऱ्या प्रहरानंतर झाडे मोडतात.

त्याच आठवड्यात आपल्याच अकोले तालुक्यात, सुगाव येथे, प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांना प्राण गमवावे लागले. ही माणसे याच कामासाठी प्रशिक्षित होती. ‘मला पोहता येते, मला काय होणार आहे?’ असे म्हणणाऱ्या आपल्या तरुणांनी ही घटना विसरू नये.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जण दगावले. नौदलाच्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिचा ताबा सुटला. ‘नीलकमल’मध्ये बसलेल्या कुटुंबांची यात काय चूक होती? काहीही नाही. त्या घटनेनंतर तेथील प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. आपली चूक नसतानाही अपघात होतो, म्हणून जॅकेट घालायचे असते. ते पावसाच्या छत्रीसारखे नाही, की ढग दिसले तर उघडू.

आणि दूरची एक घटना. केरळातील थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची बोट उलटून ४५ जण मरण पावले. काठावर वन्य प्राणी दिसले, ते पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकले आणि बोटीचा तोल गेला, असे त्या वेळी पुढे आले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या दुर्घटनेतही लाटांच्या भयाने माणसे एका अंगाला धावल्याचे सांगितले जाते. कारण आनंदाचे असो वा भयाचे, बोटीला ते कळत नाही. तिला फक्त वजन कळते.

या सहाही घटना एकत्र ठेवून पाहा. अधिक माणसे, नसलेले जॅकेट, अवेळ, आत्मविश्वास आणि एका बाजूला झालेली गर्दी. यांतील बहुतेक गोष्टी पाण्यावर ठरत नाहीत. त्या धक्क्यावर ठरतात. काही तर आठ दिवस आधी, सहलीचे वेळापत्रक आखताना ठरतात.

गर्दी कोठून येते?

हे जरा हिशोबाने पाहू. आपला समाज व्यापारी आहे, हिशोब आपल्याला लवकर समजतो.

समजा, ८० जणांची यादी झाली. बोटीची परवानगी २० जणांची आहे. कोणीही म्हणेल, चार फेऱ्यांत काम झाले. पण ते २० चालक व मदतनीस धरून की वगळून, हे आधी विचारावे लागते. प्रत्येक फेरीत आपला एक जबाबदार कार्यकर्ता हवा. थोडी जागा मोकळी हवी. म्हणजे एका फेरीत आपले १६ जण धरणे योग्य. ८० जणांना पाच फेऱ्या झाल्या. फेरफटका अर्ध्या तासाचा; चढायला दहा मिनिटे, उतरायला दहा मिनिटे. एक फेरी ५० मिनिटांची. पाच फेऱ्यांना २५० मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक. सव्वादहाला सुरू केले तर शेवटची तुकडी अडीचच्या सुमारास काठावर येणार. तोपर्यंत जेवण थंड, मुले कंटाळलेली, आजी-आजोबा उन्हात बसलेले. मग दुसऱ्या फेरीपासूनच कोणीतरी म्हणू लागते, ‘अहो, अजून चौघांना घ्या, लहान मुलेच तर आहेत!’

बंधू-भगिनींनो, गर्दी अशी येते. ती कोणाच्या दुष्टपणातून येत नाही. चुकीच्या वेळापत्रकातून येते. म्हणून उपायही वेळापत्रकातच आहे. दोन बोटी ठरवा. मग दोन वेळा दोन्ही बोटी आणि तिसऱ्या वेळी एक, अशा पाच फेऱ्या अडीच तासांत होतात. पावणेएकला सर्वजण काठावर येतात. खर्च थोडा वाढतो. परंतु घाई संपते आणि घाईबरोबर निम्मा धोका संपतो.

बोटीने रतनवाडीपर्यंत जावे, असा मोह होईल. मोठ्या मंडळींसह व मुलांसह जाणाऱ्या समूहाने शेंडीच्या धक्क्यावरून निघून त्याच धक्क्यावर परत येणारा लहान फेरफटका घ्यावा आणि रतनवाडीस बसने जावे, असे मी सुचवितो. एकाच ठिकाणी चढणे व एकाच ठिकाणी उतरणे असले म्हणजे मोजणी चुकत नाही.

दिवस आणि वेळ

पावसाळ्यात भंडारदऱ्याचे सौंदर्य अवर्णनीय असते, पण ते काठावरून पाहण्याचे. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते आणि वळवाची भीती असते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्यासाठी उत्तम.

नगरहून भंडारदरा राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. घाटरस्ता धरून बसला चार ते साडेचार तास लागतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. पहाटे पाचला निघालो, तर नवकारशी झाल्यावर, आठच्या आसपास, संगमनेर-अकोल्याच्या दरम्यान अल्पोपाहार करता येतो आणि दहाच्या आत शेंडीस पोहोचता येते. सकाळी पाणी सहसा शांत असते, म्हणून बोट प्रथम. नंतर भोजन, मग बसने रतनवाडी. तेथून तीनला निघाल्यास पाचपर्यंत अकोल्यात येऊन चौविहार करणाऱ्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपते. रात्री नऊपर्यंत घर.

या क्रमात बोट सकाळीच का ठेवली, हे लक्षात घ्यावे. अनेक सहलींत बोट शेवटी ठेवतात. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असल्याने संध्याकाळी घड्याळ मागे लागलेले असते. घड्याळ मागे लागलेल्या समूहाने नावेत बसू नये.

ठरवताना काय पाहावे

सहलीपूर्वी दोन कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष जाऊन बोट पाहावी. दूरध्वनीवर बोट ठरवू नये. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा कायदा आला आहे. त्यात यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी आणि विमा यांची तरतूद आहे. मालकाला ही कागदपत्रे दाखविण्याची नम्र विनंती करावी. किती जणांची परवानगी आहे, तो आकडा आपल्या डोळ्यांनी वाचावा आणि लिहून घ्यावा. विचारण्यात संकोच नको. सोने घेताना आपण कस लावून पाहतो, तो सोनाराचा अपमान नसतो.

मग लाइफ जॅकेट मोजावीत. जितके प्रवासी तितकी, शिवाय काही जादा. नुसती संख्या पुरेशी नाही. बंद तुटलेले नाहीत ना, बकल बसते ना, आतील फोम फाटून बाहेर आलेला नाही ना, हे एकेक हातात घेऊन पाहावे. मुलांसाठी लहान मापाची आहेत का, हे अवश्य विचारावे. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगावर ढिले बसते आणि पाण्यात मूल त्यातून खाली निसटते. मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर त्या मुलाने बोटीत बसू नये. त्याला काठावर दुसरा खेळ द्यावा.

भाडे, वेळ, फेऱ्यांची संख्या, एका फेरीतील माणसे आणि रद्द झाल्यास काय, हे सर्व एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. एक दिवसाचा समूह अपघात विमाही उतरवावा. पाठशाळेतील मुले पालकांविना येणार असतील, तर पालकांची लेखी संमती घ्यावी.

यादी करताना नाव आणि दूरध्वनी यांवर थांबू नये. वय, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांची नोंद घ्यावी. ही माहिती एका जबाबदार भगिनीकडे किंवा डॉक्टरांकडे असावी, चारचौघांत वाचली जाऊ नये. यादीच्या दोन प्रती असाव्यात. एक बोटीतील कार्यकर्त्याकडे आणि दुसरी काठावर थांबणाऱ्याकडे. बोटीत कोण आहे, हे काठावर ठाऊक असलेच पाहिजे. राजूर व अकोले येथील रुग्णालयांचे क्रमांक लिहून ठेवावेत. ११२ आणि १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. डोंगराळ भागात भ्रमणध्वनीची लहर कधी मिळते, कधी मिळत नाही. म्हणून एक बस धक्क्याजवळ चालकासह सज्ज ठेवावी.

धक्क्यावर

आता सहलीचा दिवस. बोटीजवळ पोहोचण्यापूर्वीच, बसमध्ये, सर्वांना सूचना द्याव्यात. पाणी दिसल्यावर सूचना कोणी ऐकत नाही.

जॅकेट काठावर घालावे, बोटीत बसल्यावर नव्हे. सर्व बंद बांधून कार्यकर्त्याने प्रत्येकाचे जॅकेट खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले तर ते ढिले आहे. भगिनींनी पदर जॅकेटाच्या आत खोचून घ्यावा. छायाचित्रासाठी जॅकेट काढू नये. शाल, पर्स, डबे बसमध्येच राहू द्यावेत. बोटीत एकेकाने, मध्यभागी पाऊल ठेवून चढावे. ज्येष्ठांना दोन्ही बाजूंनी हात द्यावा. वजन दोन्ही अंगांना सारखे बसवावे आणि एकदा बसले की उतरेपर्यंत उठू नये. रतनगड डाव्या हाताला दिसू लागला तर मान डावीकडे वळवावी, जागा सोडून डावीकडे जाऊ नये.

प्रत्येक मुलासाठी एका मोठ्या माणसाचे नाव आधीच ठरलेले असावे. ‘सगळेच लक्ष ठेवतील’ याचा अर्थ कोणीही लक्ष ठेवणार नाही. चढताना मोजावे, उतरताना मोजावे आणि दोन्ही आकडे मोठ्याने उच्चारावेत.

काठावर थांबलेल्या तुकड्यांनी पाण्यापासून दूर, सावलीत बसावे. पाण्यात पाय सोडणे, खडकावर उभे राहणे हे वर्ज्य. कोणी पाण्यात पडलाच, तर त्यामागे उडी घेऊ नये. दोर, काठी, रिकामा झाकणबंद कॅन, जे हाती असेल ते त्याच्याकडे फेकावे आणि बोटचालकास हाक द्यावी. वाचविण्यासाठी उडी घेणारा दुसरा बळी ठरतो, असे पुन्हा पुन्हा घडले आहे.

पाण्यात खाद्यपदार्थ, फुले, कागद किंवा प्लॅस्टिक टाकू नये. आपण पाणी गाळून पितो ते कशासाठी, हे जलाशयाकाठी मुलांना सांगण्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

नकाराचा अधिकार

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. एवढी सारी तयारी करूनही एक क्षण असा येऊ शकतो, की वारा सुटला आहे, पाण्यावर लाटा उठल्या आहेत किंवा बोट ठरल्यापेक्षा वेगळीच आणून उभी केली आहे. ८० माणसे पहाटेपासून प्रवास करून आली आहेत. पैसे भरले आहेत. मुले उत्सुक आहेत. अशा वेळी ‘आज बोट नाही’ असे कोणी म्हणायचे?

सर्वांना मनात वाटते, बोलत कोणीही नाही. अध्यक्ष कार्यकर्त्यांकडे पाहतात, कार्यकर्ते अध्यक्षांकडे. शेवटी ‘एवढे काही नाही, होईल’ असा आवाज येतो आणि सर्वजण बसतात. म्हणून हा अधिकार आधीच, सभेत, एका व्यक्तीला द्यावा आणि सर्वांसमक्ष जाहीर करावा. ती व्यक्ती ‘नाही’ म्हणाली, तर विश्वस्तांनीही तिला विनंती करू नये. अध्यक्षांनाही तो नकार बंधनकारक असावा. आणि घरी आल्यावर ‘उगाच घाबरले’ अशी थट्टा कोणी करू नये. अशी एक थट्टा पुढच्या दहा सहलींतील योग्य नकार गिळून टाकते.

नकार सोपा व्हावा म्हणून पैशाची व्यवस्थाही तशीच हवी. बोटीचे शुल्क सहलीच्या वर्गणीत मिसळू नये. ते वेगळे घ्यावे आणि बोट न झाल्यास परत करावे. मग ‘पैसे वाया जातात’ हे कारण उरत नाही. हवामान खात्याचा अंदाज आदल्या दिवशी व त्या दिवशी सकाळी पाहावा. विजेची पूर्वसूचना देणारे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप संघटकाच्या भ्रमणध्वनीत असावे.

याहून महत्त्वाची गोष्ट बोटचालकाची. अकोले तालुक्याच्या या डोंगराळ भागात महादेव कोळी, ठाकर हे आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पाणी, वारा, डोंगर यांची त्यांना असलेली जाण आपल्या शहरी चतुराईपेक्षा मोठी आहे. काठावरचा अनुभवी चालक आकाशाकडे पाहून ‘शेठ, थोडं थांबू या’ म्हणतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात आयुष्याचा अनुभव असतो. पण पर्यटनाचे दिवस थोडे आणि पोट मोठे. समोर ८० माणसांचे भाडे उभे असते. आपण म्हणतो, ‘शंभर रुपये जास्त घ्या, पण चौघांना अजून बसवा.’ तो नाही म्हणाला तर आपण दुसऱ्या बोटीकडे जाऊ, हे त्याला ठाऊक असते. मग तो बसवितो. उद्या काही घडले तर आपण म्हणू, चालकाने जास्त माणसे भरली. भरली त्याने; पण भरायला लावली कोणी?

म्हणून करारातच लिहावे, की हवामानामुळे चालकाने बोट नेण्यास नकार दिला तरी त्याच्या दिवसाचे ठरलेले किमान मानधन त्याला मिळेल. सुवर्ण महोत्सवी वर्ष साजरे करणाऱ्या संस्थेला ही रक्कम जड नाही. तिच्यामुळे चालक खरे बोलायला मोकळा होतो. दुसऱ्याच्या गरजेचा फायदा घेऊन त्याचा नकार विकत घेणे ही हिंसाच आहे. आणि तिचे पहिले बळी आपल्याच मांडीवर बसलेले असू शकतात.

आपल्या परंपरेत प्रमाद या दोषावर फार भर दिला आहे. मारण्याची इच्छा नसते, द्वेष नसतो, फक्त असावधपणा असतो; तरीही त्यातून जीव जातो आणि ती हिंसा ठरते. चालताना पायाखाली पाहून चालावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंगीसाठी जो समाज पाऊल जपून टाकतो, त्याने आपल्या सोबतच्या माणसांना नावेत बसविताना किती जपावे? जॅकेटाचा बंद ओढून पाहणे, माणसे मोजणे, वाऱ्याकडे पाहून थांबणे ही कोरडी व्यवस्थापकीय कामे नव्हेत. ही अहिंसेचीच रोजची, साधी रूपे आहेत.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर बोट नकोच. मी तसे म्हणणार नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाण्यावरून सह्याद्रीकडे पाहण्याचा आनंद आपल्या मुलांना जरूर मिळावा. आपल्या कोरड्या जिल्ह्यातील शेतीला पाणी देणारी प्रवरा कोठून येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. नियोजन हे आनंदाच्या विरुद्ध नसते. ज्याच्या घरची माणसे सुखरूप परत येणार याची खात्री असते, तोच निश्चिंतपणे हसू शकतो.

या सहलीच्या तयारीसाठी युवक मंडळ आणि महिला मंडळ यांची एक संयुक्त समिती आजच नेमावी आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे राहील, ते नाव सहलीच्या पहिल्याच सूचनापत्रकात छापावे, अशी माझी अध्यक्ष महोदयांना नम्र विनंती आहे. वर्गणीचा आकडा दुसऱ्या ओळीत आला तरी चालेल.

संस्थेच्या पुढील वाटचालीस मी मनःपूर्वक शुभेच्छा देतो. सहलीच्या दिवशी पाचव्या फेरीची शेवटची व्यक्ती धक्क्यावर उतरेल आणि कार्यकर्ता यादीवर नजर टाकून मोठ्याने ‘ऐंशी’ म्हणेल, तो या महोत्सवी वर्षातील सर्वांत सुंदर आकडा ठरो.